नेते मारले जातात, तरी पॅलेस्टिनी सशस्त्र संघटना का टिकून राहतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: गेल्या तीस वर्षांत इस्रायलने हमास आणि इस्लामिक जिहाद यांच्या पहिल्या फळीतील बहुतेक नेत्यांना ठार केले, मग या संघटना संपत का नाहीत? आणि भोवतालची अरब राष्ट्रे त्यांना एक तर मोडून का काढत नाहीत किंवा उघडपणे त्यांच्या पाठीशी का उभी राहत नाहीत? दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत मी काम केले आहे, आणि त्यानंतरचा बराच काळ पश्चिम आशियाच्या सुरक्षेचा अभ्यास व अध्यापन यांत गेला आहे. त्या आधारावर हे उत्तर लिहितो.

वरवर हे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण माझ्या मते त्यांचे उत्तर एकच आहे. या संघटना म्हणजे केवळ बंदूकधाऱ्यांच्या टोळ्या असत्या, तर म्होरके मारल्यावर त्या विस्कळीत झाल्या असत्या. प्रत्यक्षात जिथे राज्यसंस्था नव्हती किंवा दुबळी होती, तिथे त्या रुजल्या. लोकांचे रोजचे व्यवहार आणि त्यांची राजकीय मागणी या दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्या हातात घेतल्या. हे काम दुसऱ्या कोणी अंगावर घेतले नाही, तोवर नेता गेला की दुसरा येत राहिला. शेजारी राष्ट्रांनीही ते अंगावर घेण्यापेक्षा संघटनेला आपल्या सीमेबाहेर ठेवणे पसंत केले. हे कारण सांगितले म्हणून हिंसेचे समर्थन होत नाही. बसमध्ये, बाजारात किंवा घरात शिरून सामान्य माणसांना ठरवून मारणे हा गुन्हा आहे, मग ते कोणत्याही झेंड्याखाली घडो. आणि लाखो लोकांच्या वस्तीवर महिनोन्‌महिने बॉम्ब टाकून तिला उपाशी ठेवणे यालाही सुरक्षेचे नाव देऊन ते योग्य ठरत नाही.

हे समजण्यासाठी जॉर्डनपासून सुरुवात करावी लागते, कारण सशस्त्र पॅलेस्टिनी संघटना एका देशातून बळाने घालवल्या गेल्या आणि पुन्हा परतल्या नाहीत, याचे ठळक उदाहरण तिथलेच आहे. १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेल्यावर यासर अराफत यांच्या फताह या पॅलेस्टिनी संघटनेने जॉर्डन नदीच्या पूर्वेला तळ उभारले. मार्च १९६८ मध्ये करामा या गावी इस्रायली फौजेला जॉर्डनचे सैन्य आणि फताहचे लढवय्ये यांनी जोरदार टक्कर दिली. लष्करी हिशेबात तो इस्रायलचा पराभव नव्हता, पण १९६७ च्या मानहानीनंतर त्या एका दिवसाने हजारो तरुण संघटनेत आले. दोन वर्षांत अम्मानच्या निर्वासित छावण्यांत संघटनांच्या स्वतःच्या चौक्या आणि स्वतःची वसुली सुरू झाली. सप्टेंबर १९७० मध्ये पॉप्युलर फ्रंट या डाव्या पॅलेस्टिनी संघटनेने विमाने पळवून जॉर्डनच्या वाळवंटात उतरवली, तेव्हा राजे हुसेन यांनी सैन्य उतरवले आणि जुलै १९७१ पर्यंत शेवटचे तळही मोडले. ही कारवाई क्रूर होती. तरीही ती टिकली, आणि त्याचे कारण रणगाड्यांपेक्षा वेगळे आहे. जॉर्डनने बहुसंख्य पॅलेस्टिनींना आधीच नागरिकत्व दिले होते. त्यांच्याकडे पासपोर्ट होता, न्यायालयात दाद मागता येत होती, धंदा करता येत होता. संघटना हटल्यावर त्या रस्त्यावर जे आले, ते एक चालते सरकार होते.

लेबनॉनमध्ये नेमके उलटे झाले. १९६९ च्या कैरो कराराने तिथल्या छावण्या व्यवहारात पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या, म्हणजे पीएलओच्या, ताब्यात गेल्या होत्या. जॉर्डनमधून निघालेले लढवय्ये तिथेच पोहोचले. तिथल्या पॅलेस्टिनी निर्वासितांना नागरिकत्व नाही, अनेक व्यवसायांची दारे बंद आहेत, आणि सरकार स्वतःच धार्मिक गटांच्या वाटणीत अडकलेले. १९८२ मध्ये इस्रायलने बैरूतपर्यंत धडक मारून पीएलओचे प्रमुख अराफत यांना ट्युनिशियातील ट्युनिसला जायला भाग पाडले. त्यांच्या जाण्यानंतर काही आठवड्यांतच बैरूतमधील सब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी वस्त्यांत, इस्रायली फौजेचा वेढा असताना, लेबनॉनच्या फलांजिस्ट या ख्रिस्ती गटाच्या बंदूकधाऱ्यांनी निःशस्त्र माणसांची कत्तल केली. ज्या कारणासाठी स्वारी केली ते कारण लष्करी अर्थाने साध्य झाले होते. पण इस्रायली फौज दक्षिणेत २००० पर्यंत राहिली आणि त्या अठरा वर्षांत, इराणच्या मदतीने, हिजबुल्ला ही पीएलओपेक्षा कितीतरी शिस्तबद्ध संघटना तिथेच वाढली. लितानी नदीच्या दक्षिणेकडील गावांत काम करताना मला हे जवळून दिसले आहे की दवाखाना, शाळा, शहिदाच्या कुटुंबाचे वेतन या सगळ्यांना एकच संघटना पुरून उरते. २००६ च्या युद्धानंतर घर पडलेल्या कुटुंबांपर्यंत सरकारी भरपाई पोहोचण्याआधी हिजबुल्लाची रोख रक्कम पोहोचली होती. आमचे गस्ती पथक त्या गावांतून जात असे, आमच्याशी लोक सौजन्याने वागत, पण अडचणीच्या वेळी कोणाकडे जायचे हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि तो पत्ता सरकारचा नव्हता.

गाझामध्ये हमासची मुळे अशीच आहेत. १९८७ च्या डिसेंबरमध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला तेव्हा हमास हे नाव पुढे आले, पण त्याआधी चौदा-पंधरा वर्षे शेख अहमद यासीन यांची मुजम्मा ही संस्था बालवाड्या, दवाखाने, मशिदी आणि क्रीडामंडळे चालवत होती. इस्रायली प्रशासनाने १९७९ मध्ये तिला अधिकृत परवानगी दिली. त्या वेळी धर्मनिरपेक्ष पीएलओ हा मुख्य शत्रू होता आणि धार्मिक कार्यात गुंतलेली माणसे निरुपद्रवी वाटत होती. इस्लामिक जिहाद मात्र वेगळ्या घडणीची. इराणच्या क्रांतीने प्रभावित झालेल्या फतही शकाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८० च्या दशकाच्या आरंभी उभी केली. ती लहान, गुप्त, लढाईपुरतीच राहिली आणि निवडणुकांपासूनही दूर राहिली. हा फरक लक्षात ठेवावा, कारण नेते मारण्याचा परिणाम दोन्ही संघटनांवर सारखा झालेला नाही.

ऑक्टोबर १९९५ मध्ये शकाकी यांना माल्टामध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर इस्लामिक जिहाद काही वर्षे खरोखर ढेपाळली. म्हणजे म्होरक्याला मारणे नेहमीच व्यर्थ असते, असे म्हणणारे अर्धेच सांगतात: छोट्या, एका माणसाभोवती गुंफलेल्या संघटनेवर त्याचा परिणाम होतो. हमासबाबत मात्र तीन महिन्यांतच उलट अनुभव आला. ५ जानेवारी १९९६ रोजी हमाससाठी बॉम्ब बनवणारा याह्या अय्याश मोबाइल फोनमध्ये लपवलेल्या स्फोटकाने मारला गेला. फेब्रुवारी-मार्चमध्ये जेरुसलेम, अश्कलोन आणि तेल अवीव इथे आत्मघाती स्फोट झाले, त्यांत साठच्या आसपास लोक गेले, आणि मे महिन्यातील इस्रायली निवडणुकीत, इस्रायल आणि पीएलओ यांच्यातील १९९३ च्या ओस्लो करारावर संशय घेणारे बेंजामिन नेतान्याहू थोड्या मतांनी निवडून आले. हे स्फोट घडले नसते तर तेव्हाचे पंतप्रधान शिमॉन पेरेस जिंकले असते की नाही हे सिद्ध करता येत नाही. पण वाटाघाटी उधळून लावू पाहणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांना या घटनाक्रमाचा लाभ झाला, एवढे नक्की. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९७ मध्ये, मोसाद या इस्रायली गुप्तचर संस्थेच्या माणसांनी अम्मानमध्ये भर रस्त्यात हमासचे खालिद मशाल यांच्यावर विषप्रयोग केला. हल्लेखोर पकडले गेले, राजे हुसेन संतापले, इस्रायलला उतारा द्यावा लागला आणि तुरुंगातून शेख यासीन यांना सोडावे लागले. मशाल तोवर फारसे परिचित नव्हते. त्या दिवसानंतर ते हमासचे मोठे नेते झाले.

हे असे का होते? हमासची रचना त्याला जबाबदार आहे. गाझा, वेस्ट बँक, परदेशातील कार्यकर्ते आणि इस्रायली तुरुंगांतील कैदी असे तिचे चार विभाग आपापले प्रतिनिधी निवडतात. सल्लागार मंडळ आणि राजकीय कार्यालय त्यातून बनते. एका विभागावर आघात झाला की सूत्रे दुसऱ्याकडे सरकतात. शिवाय आघातांतूनच नवे संबंध जुळतात. डिसेंबर १९९२ मध्ये इस्रायलने हमास आणि इस्लामिक जिहादच्या ४१५ जणांना हद्दपार करून दक्षिण लेबनॉनमधील मर्ज अल-झुहूर इथल्या बर्फाळ टेकडीवर सोडले. त्यांत अब्दुल अझीझ रंतिसी होते, इस्माईल हनिया होते. तोवर परस्परांना फारसे न ओळखणाऱ्या गाझा आणि वेस्ट बँकच्या कार्यकर्त्यांना तिथे एकत्र राहण्याची, जगभरच्या पत्रकारांशी बोलण्याची आणि हिजबुल्लाशी संबंध जोडण्याची संधी मिळाली. मार्च आणि एप्रिल २००४ मध्ये यासीन आणि रंतिसी एका महिन्याच्या अंतराने मारले गेले. तरीही जानेवारी २००६ च्या पॅलेस्टिनी निवडणुकीत हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या.

त्या निकालाबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आढळतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. हमासला मते मिळाली होती सुमारे ४४ टक्के. फताह तिच्या फार मागे नव्हती. मतदारसंघांत फताहचेच अनेक उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहिल्याने जागांचा फरक एवढा वाढला. आणि मते देणाऱ्यांपैकी कित्येकांनी युद्धाला मत दिले नव्हते. ओस्लो करारातून उभ्या राहिलेल्या पॅलेस्टिनी प्राधिकरणातील भ्रष्टाचार आणि त्या करारानंतरही व्याप्त प्रदेशात वाढतच गेलेल्या इस्रायली वसाहती यांचा तो राग होता. अमेरिका, युरोपीय संघ, रशिया आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या चौकडीने तीन अटी घातल्या: इस्रायलला मान्यता, हिंसेचा त्याग, आधीच्या करारांचा स्वीकार. अटी अवाजवी नव्हत्या, पण त्यांच्याकडे नेणारी कोणतीही पायरी ठेवली नाही. जून २००७ मध्ये फताह आणि हमास यांच्यात रक्तरंजित संघर्ष होऊन गाझा हमासच्या आणि वेस्ट बँकमधील शहरे फताहचे नेते आणि प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांच्या हातात राहिली. तेव्हापासून पॅलेस्टिनींच्या वतीने सही करणारा आणि ती सही दोन्ही प्रदेशांत पाळायला लावणारा असा एकही माणूस उरलेला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने मला ही सर्वांत घातक घटना वाटते, अनेक युद्धांपेक्षाही घातक.

आता शेजाऱ्यांकडे वळू. इजिप्तची भूमिका समजली की बाकीच्यांची समजणे सोपे जाते. कैरोच्या दृष्टीने हमास ही मुस्लीम ब्रदरहूड या इस्लामी राजकीय संघटनेची शाखा आहे, आणि ब्रदरहूड हा इजिप्तच्या लष्करी सत्तेचा जुना देशांतर्गत प्रतिस्पर्धी आहे. म्हणून हमास बळकट झालेली कैरोला नको. पण ती अचानक कोसळली, तर वीस लाखांहून अधिक माणसांची जबाबदारी इजिप्तच्या दारात येईल, ही भीती त्याहून मोठी. जानेवारी २००८ मध्ये हमासने गाझा-इजिप्त सीमेवरील राफाची भिंत फोडली तेव्हा लाखो लोक खरेदीसाठी इजिप्तच्या सिनाई भागात शिरले होते. तो प्रसंग कैरोतील अधिकारी विसरलेले नाहीत. सिनाईत १९७९ च्या शांतता कराराने इजिप्तच्या सैन्यसंख्येवर मर्यादा आहेत, त्याच भागात पुढे इस्लामिक स्टेटशी निष्ठा सांगणारे गट माजले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये रौदा येथील मशिदीत तीनशेहून अधिक नमाजी मारले गेले. या सगळ्यामुळे इजिप्तने दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या: २०१३ नंतर राफाखालची बोगद्यांची वाहतूक पाणी सोडून, घरे पाडून मोडली, आणि त्याच वेळी आपल्या गुप्तचर खात्यामार्फत हमासशी बोलणी चालू ठेवली, सीमेवरील बंदोबस्तात तिचे सहकार्यही घेतले. याला दुटप्पीपणा म्हणता येईल; मी त्याला आपल्या घरापुरती सुरक्षा सांभाळणे म्हणतो. अडचण एवढीच की प्रत्येकाने असे केले की मधल्या जागेचा धनी कोणीच राहत नाही.

जॉर्डनने १९९९ मध्ये हमासची कार्यालये बंद केली. नेते पुढे सिरियात दमास्कसला गेले, २०१२ मध्ये सिरियाच्या यादवीत बशर अल-असद यांची बाजू घ्यायला नकार देऊन तिथून निघाले, आणि राजकीय कार्यालय दोहामध्ये आले. कतारने ते अमेरिकेच्या माहितीने ठेवले, आणि २०१८ पासून गाझातील वेतने, इंधन आणि गरीब कुटुंबे यांच्यासाठीचा कतारी पैसा इस्रायली सरकारच्या संमतीनेच आत जात असे. इस्रायली सरकारचा विचार असा होता की गाझा शांत राहील आणि वेस्ट बँकच्या नेतृत्वाशी त्याची फारकतही कायम राहील. इराणचा हिशेब निराळा. सुन्नी हमास आणि शिया तेहरान यांचे मतभेद खरे आहेत, सिरियाच्या प्रश्नावर ते तुटेपर्यंत ताणलेही गेले, पण कमी खर्चात इस्रायलच्या दोन सीमांवर दबाव ठेवणे इराणला परवडत होते. रॉकेटचे तंत्र, पैसा आणि प्रशिक्षण हे तिथून आले. २००१ मध्ये स्देरोत गावापर्यंत कसेबसे पोहोचणारे कासम रॉकेट होते. २०१४ पर्यंत तेल अवीवच्या पलीकडे मारा होऊ लागला, आणि त्यातील बराचसा माल गाझातच तयार होत होता. या पल्ल्यात आलेल्या अश्दोद आणि बेरशेबा या शहरांत आपले मराठी बोलणारे बेने इस्रायली कुटुंबीय मोठ्या संख्येने राहतात. कोकणातून गेलेल्या त्या घरांतील म्हाताऱ्या माणसांनी भोंगा वाजताच तळघराकडे धावण्यात कित्येक वर्षे काढली आहेत.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेण्यात आले. त्यामागे असलेले हमासचे गाझातील प्रमुख याह्या सिनवार हे २०११ मध्ये गिलाद शालित या एका इस्रायली सैनिकाच्या बदल्यात सुटलेल्या १,०२७ कैद्यांपैकी एक होते, हे सर्वज्ञात आहे. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार, ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांहून अधिक लोक मृत्यू पावले, त्यांत स्त्रिया आणि मुलांचा वाटा फार मोठा आहे. या काळात नेत्यांचा वेध आधी कधी नव्हता इतका घेतला गेला: जुलै २०२४ मध्ये हमासचे लष्करी प्रमुख मोहम्मद दैफ खान युनिसमध्ये आणि राजकीय प्रमुख हनिया तेहरानमध्ये, सप्टेंबरमध्ये हिजबुल्लाचे प्रमुख हसन नसरल्ला बैरूतमध्ये, ऑक्टोबरमध्ये सिनवार राफामध्ये. डिसेंबरमध्ये असद यांची सत्ता कोसळून इराणचा लेबनॉनकडे जाणारा जमिनीवरचा मार्ग तुटला. या वेळी हिजबुल्लाचे झालेले नुकसान खरे आणि खोल आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीसुद्धा जानेवारी २०२५ च्या शस्त्रसंधीत गाझाच्या रस्त्यांवर हमासचे गणवेशधारी पोलीस काही तासांत दिसू लागले, कारण वाहतूक सांभाळणारे, चोऱ्या रोखणारे आणि मदतीच्या ट्रकांसोबत चालणारे दुसरे कोणी तयारच केलेले नव्हते.

युद्धाची झळ किती दूर पोहोचते हे लाल समुद्राने दाखवले. येमेनच्या इराणसमर्थक हूती बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या पिपावावकडे येणारे गॅलक्सी लीडर हे जहाज पळवले आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावाशेवाहून युरोपला जाणाऱ्या नाशिकच्या द्राक्षांना २०२४ च्या हंगामात लागलेले जादा दिवस आणि वाढलेले भाडे हा त्याचाच परिणाम होता. गाझापासून दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या संघटनेला पॅलेस्टाईनच्या प्रश्नाचे नाव घेऊन स्वतःच्या देशात मान्यता मिळवता येते, यावरून अनिर्णित राजकीय प्रश्न कितीजणांच्या उपयोगी पडतो ते दिसते.

१० ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा शस्त्रसंधी लागू झाली आणि नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने २८०३ क्रमांकाच्या ठरावाने गाझासाठी तात्पुरत्या आंतरराष्ट्रीय दलाला संमती दिली. हमासने तो ठराव फेटाळला. बातम्यांत निःशस्त्रीकरणाच्या मुदतीची चर्चा होईल. मी त्याऐवजी तीन साध्या गोष्टी पाहायला सांगेन. गाझातील शिक्षक, परिचारिका आणि सफाई कामगार यांचा पगार कोण देतो. इजिप्तमध्ये प्रशिक्षण दिल्या जाणाऱ्या पॅलेस्टिनी पोलिसांना प्रत्यक्ष किती वस्त्यांत आणि कोणाच्या हुकमाखाली तैनात केले जाते. आणि वेस्ट बँकमध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या वतीने इस्रायल जे कर गोळा करते, ते त्यांना दिले जातात की रोखून धरले जातात. कारण जेनिन आणि नाब्लुसमध्ये सशस्त्र टोळ्यांना तोंड देणारा पोलीस अर्ध्या पगारावर उभा असेल, तर त्याला रात्रीच्या छाप्यावर जायला सांगणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाते. लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची मुदत २०२६ च्या अखेरीस संपत आहे, त्यानंतर लितानीच्या दक्षिणेला लेबनॉनचे सैन्य चौक्या, पगार आणि दारूगोळा यांसह खरोखर पोहोचते की नाही, हाही त्याच पंक्तीतील चौथा प्रश्न आहे.